समुद्राचे मेंबर

अम्मींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो १९६४ साली. तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. घरातले थोरले, म्हणजे आमचे दादा, हजला निघाले होते. त्या काळी हजला बोटीने जात. औरंगाबादहून मीटर गेजच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग गोदीत मोगल लाइनची बोट. दादांना निरोप द्यायला अर्धे घर मुंबईला गेले होते. बोट दिसेनाशी होईपर्यंत सगळे रुमाल हलवत उभे होते. अम्मी सांगतात, "त्या दिवशी मला समुद्र बघायचं भान कुठलं? रडण्यातच सगळा वेळ गेला."

दुसऱ्या दिवशी अब्बांनी सगळ्यांना हाजी अलीला नेले. वाटेत बस समुद्राच्या कडेने जात होती. एका ठिकाणी समुद्र दिसायचा बंद झाला आणि लांबलचक भिंत सुरू झाली. भिंतीपलीकडून पाण्यात उड्या मारल्याचा आवाज येत होता, मुलांचे हसणे येत होते. अम्मींनी विचारले, आत काय आहे? अब्बा म्हणाले, क्लब आहे, साहेब लोक पोहतात. यावर अम्मी जे म्हणाल्या ते आमच्या घरात अजून म्हणीसारखे वापरले जाते : "इत्ता बडा समंदर, इस्को दीवार कायको?"

ती भिंत नेमकी कोणाची होती, हे अम्मींना आज आठवत नाही आणि आम्हीही शोधत बसलो नाही. त्या काळच्या मुंबईच्या किनाऱ्यावर अशा भिंती एकापेक्षा जास्त होत्या. पण गेल्या हिवाळ्यात ऐंशीच्या घरातल्या अम्मींना घेऊन आम्ही पुन्हा मुंबईला गेलो, तेव्हा तो जुना प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसून आला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो आहोत. त्यातला काही भाग आमच्याच घराबद्दल आहे आणि तो सांगताना थोडा संकोच वाटतो, हे आधीच कबूल करतो.

आधी भिंतींचा इतिहास पाहू. इंग्रजांनी मुंबईत क्लब काढले ते स्वतःसाठी. अपोलो बंदराजवळचा यॉट क्लब १८४६ सालचा, आझाद मैदानाच्या टोकाचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. एतद्देशीयांना तिथे सभासद होता येत नसे. मग जे आत जाऊ शकत नव्हते त्यांनी आपापली दारे उभी केली. १८८५ साली पारशी जिमखाना निघाला आणि थोड्याच वर्षांत इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना. सरकारने त्यांना किनाऱ्यालगत शेजारी शेजारी जागा दिल्या. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ज्या पाट्या दिसतात, त्या याच. तेव्हा मात्र मरीन ड्राइव्ह नव्हता. समुद्र मैदानांच्या बराच जवळ होता.

या जिमखान्यांनी खेळाला फार मोठे दिले, हे नाकारता येणार नाही. १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि मुंबईचे चौरंगी क्रिकेट सुरू झाले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ. १९३७ साली पाचवा संघ आला, सामने पंचरंगी झाले. हे सामने बघायला गावोगावची माणसे मुंबईत येत. पण संघ धर्मावर बेतलेले होते. १९४० साली गांधीजींनी या पद्धतीविरुद्ध जाहीर मत दिले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, ही स्पर्धा बंद पडली. दारात दार कसे असते, तेही या इतिहासात दिसते. हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज पाळवणकर बाळू हा दलित समाजातला. मैदानावर चेंडू त्याच्या हातात असे, पण कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले आणि त्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले. म्हणजे बाहेरच्या फाटकावर अडवले गेलेले लोक आपल्या आवारात गेल्यावर आणखी एक आतले फाटक बांधतात. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो आमच्याच अंगावर येणार आहे.

सगळेच तसे वागले असेही नाही. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याने १९१८ च्या सुमारास आपल्या नावाचा क्लब काढला तो मुळात गोऱ्यांनी आणि हिंदी लोकांनी एकत्र बसावे म्हणून. आजही तो हाजी अलीपासून जवळच आहे. अर्थात तिथे बसणारे हिंदी लोक राजे-महाराजे आणि गिरणीमालक होते. चामडीच्या रंगाची अट सुटली, खिशाची राहिली.

आता त्या किनाऱ्यावरच्या सर्वांत प्रसिद्ध तलावाकडे येऊ. ब्रीच कँडीचा स्विमिंग बाथ हा १८७० च्या दशकापासूनचा. समुद्राला लागून तलाव, हिरवळ, खुर्च्या आणि पलीकडे खडकांवर फुटणाऱ्या लाटा. तो युरोपियनांसाठी होता. देश १९४७ साली स्वतंत्र झाला तरी तिथला नियम लगेच बदलला नाही. १९६० च्या दशकापर्यंत हिंदी माणसाला तिथे सभासद होण्याची सोय नव्हती. पुढे दारे उघडली, पण मताचा हक्क असलेले ट्रस्टचे सभासदत्व युरोपियनांसाठीच राखलेले राहिले आणि त्यावरचे वाद अलीकडच्या काळात न्यायालयापर्यंत गेले.

यातली मौज, किंवा दुःख म्हणा, रस्त्याच्या नावात आहे. ज्याला पूर्वी वॉर्डन रोड म्हणत, तो आज भुलाभाई देसाई रोड आहे. भुलाभाई म्हणजे तेच वकील, ज्यांनी १९४५ साली लाल किल्ल्यातल्या खटल्यात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या तीन अधिकाऱ्यांची बाजू लढवली. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. त्या वकिलाचे नाव लागलेल्या रस्त्यावर एक दार असे होते की ते तिघेही त्यातून सभासद म्हणून आत जाऊ शकले नसते.

दुसरी गोष्ट तिथल्या तलावाच्या आकाराची. मोठा तलाव अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा आहे, फाळणीपूर्वीच्या. जमिनीवरचा नकाशा १९४७ मध्ये कापला गेला, पाण्यातला तसाच राहिला. आमच्या शहरातल्या किती घरांतली माणसे १९४८ नंतर कराचीला गेली, ते वाचकांना सांगायला नको. आमचे एक मामू गेले ते परत आले नाहीत. नानी मरेपर्यंत त्यांच्या पत्राची वाट बघत होती. त्या तलावात कराचीपासून ढाक्यापर्यंत पाणी एकच आहे, एका काठाहून दुसऱ्या काठाला पोहून जाता येते, ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा नानी आठवली.

१९५० आणि ६० ची दशके ही मुंबईच्या किनाऱ्यावर बदलाची होती. साहेब हळूहळू जात होते. दारूबंदीचा १९४९ चा कायदा आल्याने क्लबांतल्या मैफिली परमिटवर आल्या होत्या. आमचे अब्बा गमतीने म्हणत, तेवढ्यापुरते सगळे राज्य आपल्या वळणावर आले होते. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्रातले मासे तिकीट काढून कोणालाही पाहता येऊ लागले. जुहूच्या वाळूवर हॉटेले उभी राहू लागली. जुन्या क्लबांत गोऱ्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर आपल्यातलेच सधन लोक बसले. सभासदत्वाची फी वाढली, प्रतीक्षा यादी लांबली. बाहेरून बघणाऱ्याला भिंत तीच दिसत होती.

आपण औरंगाबादकर, आता छत्रपती संभाजीनगरकर, समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून दूर राहणारे. आपल्याला या तलावांचे काय, असे कोणी विचारेल. पण पाणी कोणाचे, हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? हे शहर वसवले ते समुद्र ओलांडून आलेल्या माणसाने. मलिक अंबर हबशाहून गुलाम म्हणून आला आणि दख्खनचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. गावाला पाणी नव्हते. त्याने उत्तरेच्या टेकड्यांतले जमिनीखालचे पाणी भुयारी नळांनी गावात आणले, त्याला आपण नहर-ए-अंबरी म्हणतो. ते पाणी गावात ठिकठिकाणच्या हौदांत पडत असे. हौदावर येणाऱ्याला तू कोण, कोणाचा, असे विचारायला चौकीदार नव्हता. पाणचक्कीचा हौद बघायला आजही लोक येतात. जे नळ तीनशे-चारशे वर्षे वाहिले, ते आपल्या डोळ्यांदेखत कुठे फुटले, कुठे बुजले, कुठे त्यांच्यावर घरे झाली. आज आपल्या नळाला चार-पाच दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येते, आणि ज्याच्याकडे बोअर आणि टँकरचे पैसे आहेत त्याची टाकी भरलेली असते. क्लबची भिंत समजायला आपल्याला मुंबईला जावेच लागते असे नाही.

असो. आम्ही गेलो. अम्मी, बेगम, दोन मुले आणि आम्ही. रात्रीच्या देवगिरीने निघालो, सकाळी मुंबई. दुपारी ऊन उतरल्यावर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. पाठीमागे जिमखाने, पुढे समुद्र. आमचा मुलगा इस्लाम जिमखान्याची पाटी वाचून म्हणाला, "अब्बू, हा आपला का?" आम्ही म्हणालो, नावाने आपला, मेंबर मात्र आपण नाही. मग त्याला सांगितले की शंभर वर्षांपूर्वी हा कट्टाही नव्हता. १९१५ साली इथे भरावाचे काम सुरू झाले, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रस्ता झाला, पलीकडे इमारती झाल्या. जिमखाने आणि समुद्र यांच्या मध्ये एक रस्ता आणि एक बसायची भिंत आली. ही एकच भिंत अशी की तिच्यावर कोणीही बसावे. आमच्या एका बाजूला कॉलेजची पोरे होती, दुसऱ्या बाजूला एक मारवाडी आजोबा, पलीकडे बुरखा घातलेल्या तीन बहिणी चणे खात होत्या. कोणाला कोणी काही विचारत नव्हते. अम्मी म्हणाल्या, "ये दीवार अच्छी है."

दुसऱ्या दिवशी हाजी अलीला जायला निघालो. टॅक्सीवाल्याने मध्येच एका ठिकाणी सोडले, कारण अम्मींना गाडी लागत होती. थोडे चालू म्हटले. चालता चालता किनाऱ्यालगतच्या एका क्लबचे फाटक लागले. कुठला ते सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. उन्हाने अम्मींना घेरी आल्यासारखे झाले. आत सावली होती, खुर्च्या होत्या, खाली निळे पाणी चमकत होते. आम्ही चौकीदाराला म्हणालो, यांना पाच मिनिटे आत सावलीत बसू द्या, जरा तोंडावर पाणी मारतील. तो म्हणाला, "मेंबर आहात का?"

नाही म्हटल्यावर तो गप्प झाला. मग त्याने आमची बोली ऐकून विचारले, "कुठले?" आम्ही सांगितले. तो म्हणाला, "मी बीडचा." आणि त्याने आपले स्वतःचे स्टूल उचलून फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत आणून ठेवले. आपली पाण्याची बाटली अम्मींच्या हातात दिली. अम्मी बसल्या. आमच्या धाकट्या मुलीने, ती बारा वर्षांची आहे, फाटकाच्या गजांतून आत पाहत विचारले, "काका, तुम्ही पोहता का इथं?" तो हसला. "नऊ वर्षं झाली इथं उभा आहे. रोज बघतो. पाय नाही घातला कधी. नियम आहे ना, बाळा."

त्या माणसाचा आम्हाला राग आला नाही. ज्याला आत जायला नाही, त्यालाच दुसऱ्याला अडवायला उभे केलेले असते. त्याने आपल्याजवळ जे होते ते दिले, स्टूल आणि पाणी. अम्मींनी निघताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुआ दिली.

हाजी अलीला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, वाट मोकळी होती. भरतीच्या वेळी ही वाट पाण्याखाली जाते, म्हणून जाणाऱ्याने भरती-ओहोटीची वेळ बघून जावे. दर्गा १४३१ सालचा सांगतात. तिथे तिकीट नाही, मेंबरी नाही, जातधर्म विचारत नाहीत. आम्ही मुलांना मोठ्या अभिमानाने हे सांगत होतो. तेवढ्यात बेगम शांतपणे म्हणाल्या, "हे पण सांगा ना, की मधली चार वर्षं आम्हाला आत मजारीपर्यंत येऊ देत नव्हते." ते खरेच होते. २०१२ पासून तिथे बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली होती. मुसलमान बायकांनीच न्यायालयात दाद मागितली, २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर बायका पुन्हा आत जाऊ लागल्या. मधल्या काळात अम्मी आल्या असत्या तर त्यांना बाहेर थांबावे लागले असते, त्याच अम्मींना, ज्या १९६४ मध्ये इथे आत जाऊन दादांच्या सुखरूप प्रवासासाठी दुआ मागून आल्या होत्या. याबाबत वाचकांत मतभेद असतील. आम्ही इथे वाद घालत नाही. इतकेच म्हणतो की भिंतींचा हिशोब मांडायचा तर सगळ्या भिंतींचा मांडावा.

परतताना आम्ही तो नवा रस्ता पाहिला. मुंबईच्या किनारी रस्त्याचा पहिला भाग २०२४ च्या मार्चमध्ये खुला झाला. मरीन ड्राइव्हपासून मलबार हिलच्या पोटातल्या दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांतून निघून, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवरून, ब्रीच कँडी आणि हाजी अलीवरून तो वरळीला जातो. लांबी साडेदहा किलोमीटरच्या आसपास. आमच्यासारख्या दुचाकीवाल्यांना त्यावर बंदी आहे, रिक्षालाही. वरळीच्या कोळ्यांनी या रस्त्यासाठी बरेच सोसले. बोटी जायला पुलाच्या खांबांमधली जागा पुरणार नाही म्हणून त्यांना मोठा लढा द्यावा लागला, तेव्हा कुठे खांबांमधले अंतर ६० मीटरचे १२० मीटर झाले. भरावाखाली जे खडक आणि जीव गेले ते परत येणार नाहीत. हे सगळे खरे आहे.

पण आणखी एक गोष्ट झाली आहे. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूने चालायला रुंद फरसबंद वाट केली आहे आणि २०२५ च्या ऑगस्टपासून ती लोकांना खुली झाली आहे. रस्त्याखालच्या भुयारी वाटेने तिथे जाता येते. आम्ही गेलो. आणि तिथे उभे राहून लक्षात आले की आता ब्रीच कँडीच्या जुन्या तलावाच्या आणि समुद्राच्या मध्ये रस्ता आला आहे, आणि रस्त्याच्या पुढे, समुद्राच्या सर्वांत जवळ, आम्ही उभे आहोत. बिनमेंबर. ज्या समुद्रासाठी दीडशे वर्षांपूर्वी तिथे भिंत घातली, तो समुद्र भिंतीपासून सरकला आणि लोकांच्या बाजूला आला. शंभर वर्षांपूर्वी जिमखान्यांपुढे हेच झाले होते.

कायदाही हेच सांगतो. मनालीजवळ बियास नदीच्या काठी एका खासगी मोटेलसाठी नदीचा प्रवाह वळवण्यात आला, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नद्या, समुद्रकिनारे, जंगले ही सरकारच्या मालकीची मिळकत नसून लोकांची ठेव आहे. सरकार तिचे विश्वस्त, म्हणजे आपल्या भाषेत मुतवल्ली. मुतवल्लीला वक्फ विकता येत नाही, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. पाणी, चारा आणि आग यांत सगळ्यांचा वाटा असतो, हे तर आपल्याकडे मदरशातले पोरही सांगेल.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर आलो. आता ती संकोचाची गोष्ट. १९६४ मध्ये अब्बा, चाचा, सगळे पुरुष पायजमे वर करून पाण्यात गेले होते आणि अम्मी वाळूवर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होत्या. ही गोष्ट अम्मी हसत सांगतात. पण गेल्या वर्षी अलिबागला आम्ही काय केले? आम्ही आणि मुलगा तासभर पाण्यात होतो. बेगम आणि मुलगी पिशव्या, मोबाइल आणि चपला घेऊन वाळूवर. आम्हाला त्यात वावगे काही वाटलेही नव्हते. साठ वर्षांत चपला बदलल्या होत्या, सांभाळणारीही बदलली होती, एवढेच.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की आमची मुलगी दोन वर्षांपासून पोहायला शिकायचे म्हणत होती. घराजवळच्या तलावावर बायकांची वेगळी वेळ आहे, शिकवायला बाईच आहे. तरी आम्ही नाही म्हणत होतो. पुढच्या वर्षी बघू, मोहल्ल्यातले काय म्हणतील, परीक्षा होऊ दे. मुलगा मात्र आठव्या वर्षीच शिकला. पोरांना पोहायला शिकवावे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पोरांना म्हणजे मुलग्यांना, हे कोणी सांगितले नव्हते, ते आम्हीच ठरवून टाकले होते. त्या दिवशी फाटकाच्या गजांतून निळे पाणी पाहणारी मुलगी आम्ही दिवसभर विसरू शकलो नाही. चौकीदाराने तिला एकदाच अडवले. आम्ही दोन वर्षे अडवत होतो आणि आमच्याजवळ द्यायला स्टूलसुद्धा नव्हते.

चौपाटीवर आम्ही चपला काढल्या आणि खाली बसलो. म्हणालो, आज चपला आम्ही सांभाळतो. बेगमनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता अम्मींचा एक हात धरला. दुसरा मुलीने धरला. तिघी पाण्याकडे गेल्या. पहिली लाट आली तेव्हा अम्मी ओरडल्या आणि मागे सरकल्या, दुसरीला उभ्या राहिल्या. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "खारं किती असतं रे पाणी. मला वाटलं लोक उगाच सांगतात." ऐंशी वर्षांच्या बाईला समुद्र खारा असतो हे आतापर्यंत ऐकूनच माहीत होते.

ज्या वाचकांना घरच्यांना घेऊन समुद्रावर जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ नये. ओहोटीच्या वेळी पाणी आत ओढते, तेव्हा पोहणाऱ्यानेही खोल जाऊ नये. बायकांनी आणि मुलींनी अंगभर पण हलके, पटकन वाळणारे कपडे घ्यावेत. ओढणी गळ्याभोवती न ठेवता नीट बांधावी, कारण भिजलेले लांब कापड लाटेत पायात येते. शक्यतो सकाळी लवकर जावे. आणि चपला सांभाळायची पाळी ठरवून घ्यावी.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी आम्ही मुलीला घेऊन तलावावर गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला आणि विचारले, "आधी मेंबर आहे का?" मुलगी म्हणाली, "नाही. आता होणार." अर्जावर पालकाची सही लागते. ती आम्ही केली. आता आठवड्यातून तीन दिवस ती जाते. परवा तिने सांगितले की ती हात न धरता अर्धा तलाव पार करते. अम्मी रोज विचारतात, "आज कित्ता गयी?"